ओठ पुढे, आवाज मागे: वाचकांची प्रश्नोत्तरं

पोळा जवळ आला की नागपूरच्या कॉलेजांतले पोट्टे फोन घेऊन इतवारी-महालाच्या गल्ल्यांत शूटिंगला उतरतात. यावेळची पत्रं बहुतेक त्याच तयारीतली आहेत. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न: लघुपटासाठी एका मूर्तिकाराची २२ मिनिटांची मुलाखत फोनवर घेतली. फोनमध्ये पाहिली तर एकदम ठीक. लॅपटॉपवर एडिटिंगला घेतली की सुरुवात बरोबर, पण शेवटी ओठ बंद झाल्यावर आवाज येऊन राहिला. आवाज पुढे सरकवला तर सुरुवात बिघडते. फोन खराब आहे का? (बी.ए. दुसरं वर्ष, महाल)

उत्तर: फोन चांगला आहे, फक्त त्याची फ्रेमची गती (सेकंदाला किती चित्रं टिपतो ती) स्थिर नाही. तुम्ही ३० फ्रेम निवडल्या, तरी उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो मधूनच फ्रेम सोडतो. फोनच्या प्लेअरला प्रत्येक फ्रेमची वेळ माहीत असते, म्हणून तिथे सगळं जुळतं. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र सेकंदाला सरसकट ३० फ्रेम धरून चालतात. आता हिशेब करा. २२ मिनिटं म्हणजे १,३२० सेकंद, म्हणजे ३९,६०० फ्रेम हव्यात. प्रत्यक्षात सरासरी २९.९५ पडली तर ६६ फ्रेम कमी भरतात आणि चित्र २.२ सेकंद आधी संपतं. आवाज आपल्या वेळेनेच चालतो, म्हणून तो मागे राहिल्यासारखा वाटतो.

खात्री करायची तर 'मीडियाइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' असेल तर दुखणं हेच. मग 'हँडब्रेक' घ्या, तोही मोफत आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट 'सेम अ‍ॅज सोर्स' न ठेवता ३० निवडा, खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर खूण करा, क्वालिटीचा आकडा १८च्या आसपास ठेवा (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी) आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. ही नवी फाइल एडिटिंगला घ्यायची. आधी कट मारून झाले असतील तर टाइमलाइन मोडू नका, जुन्या क्लिपच्या जागी नवी फाइल जोडा. कट थोडे सरकतील, तेवढे हाताने जुळवून घ्या.

दुरुस्तीला बसण्याआधी चूक कुठल्या जातीची आहे ते पाहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर आवाज नुसता सरकवायचा, काम झालं. फरक हळूहळू वाढत असेल तर वरचा उपाय. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि लांब मुलाखतीत काही फ्रेमचा फरक पडतोच. म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबवून, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून पुन्हा सुरू करा. पुढच्या वेळी 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा'सारखं मोफत अ‍ॅप वापरा, त्यात फ्रेमरेट, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद करता येतात.

प्रश्न: होस्टेलच्या खोलीत ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रावरून काळे पट्टे सरकतात. (वर्धा रोड)

उत्तर: आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण ठोके पडतात आणि पट्टे जातात. फ्रेमरेट २५ ठेवला तर आणखी चांगलं. आयफोनमध्ये २५चा पर्याय दिसत नसेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन 'पाल फॉरमॅट' चालू करा. एवढं करूनही पट्टे राहिले तर दिव्याचा ड्रायव्हरच (आतलं वीज पुरवणारं सर्किट) निकृष्ट आहे किंवा त्याला डिमर आहे. तो दिवा बंद करा, खिडकीपाशी बसा.

लॅपटॉपचा पडदा शूट करताना उलटं असतं. पडदा बहुधा ६० हर्ट्झचा असतो, म्हणून तिथे १/६०. पण पडदा कॅमेऱ्याने टिपायचाच कशाला? 'ओबीएस' टाकून स्क्रीन रेकॉर्ड करा. चित्र स्वच्छ येतं आणि काचेत तुमचा चेहराही दिसत नाही.

प्रश्न: मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीवर दहा मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. आम्ही चौघं आहोत, चार फोन आहेत, कॉलरला लावायचा एक माइक आहे. मागच्या वर्षीच्या सीनिअरचं सगळं फूटेज हललेलं आणि आवाज फाटलेला होता. काय सांभाळावं? (जनसंवाद विभागातला गट, सक्करदरा)

उत्तर: आवाज फाटतो तो ढोल-ताशा आणि डीजेमुळे. फोनचा माइक बोलण्यासाठी बनलेला असतो. ढोल तीन फुटांवर आला की तो भरून जातो, आणि असा कापला गेलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. शिवाय फोनची आपोआप आवाज सांभाळायची सोय प्रत्येक ठोक्यानंतर आवाज दाबते आणि सोडते, म्हणून मागचा गलका श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. तेव्हा आवाजासाठी एक माणूस आणि एक फोन पूर्णपणे वेगळा ठेवा. हा फोन मिरवणुकीच्या पोटात नको, पंधरा-वीस फूट लांब, एखाद्या ओट्यावर किंवा गल्लीच्या तोंडाशी. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये गेन (माइक आवाज किती वाढवून घेतो ते) हाताने कमी करा. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकला की गेला.

मुलाखती मिरवणुकीत घेऊच नका. माणसाला शेजारच्या गल्लीत दोन घरं आत न्या, त्याची पाठ आवाजाकडे आणि तोंड तुमच्याकडे. माइक कॉलरला, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली. वाऱ्यासाठी स्पंजवर लांब केसांच्या कृत्रिम फरचा तुकडा शिवून घ्या, नुसता स्पंज वाऱ्याला पुरत नाही. प्रत्येक जागेचा ३० सेकंदांचा नुसता आवाज, कोणी न बोलता, घेऊन ठेवा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधलं भगदाड त्यानेच बुजतं. 'घेऊन जा गे मारबत'चा गजर सलग दोन-तीन मिनिटं स्वतंत्र घ्या. त्याखाली दहा वेगवेगळे शॉट बसतील आणि आवाज कुठेही तुटणार नाही.

आता चित्र. तिघांनी एकच गोष्ट टिपू नये. एक फोन वर, कुणाच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, घरमालकाला आदल्या दिवशी विचारून, आणि तो हलणारच नाही. दुसरा रस्त्यावर, फक्त चेहरे आणि हात. तिसरा फक्त बडग्यांवर, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पाटीवाल्या पुतळ्यांवर. बडग्याच्या गळ्यातली पाटी हाच तुमच्या विषयाचा गाभा आहे. त्या वर्षी लोकांचा राग कशावर आहे ते तिथे लिहिलेलं असतं. म्हणून प्रत्येक पाटी पूर्ण दहा सेकंद, न हलता, वाचता येईल अशी घ्या. चालत-चालत घेतलेली पाटी कधीच वाचता येत नाही. हात हलतात त्यावर साधा उपाय: फोन दोन्ही हातांत, कोपरं बरगड्यांना टेकवलेली, झूमला हात नाही, जवळचं हवं तर स्वतः जवळ जायचं.

१०८०पी पुरेसं आहे. आयफोनवर १०८०पीचं एक मिनिट सुमारे ६० एमबी घेतं आणि ४केचं सुमारे १७०, दोन्ही ३० फ्रेमला आणि नव्या एचईव्हीसी पद्धतीत. तीन तास सलग चालवलं तर ११ जीबी की ३० जीबी, एवढा फरक. ४केने फोनही लवकर तापतो. तापू नये म्हणून कव्हर काढा, ब्राइटनेस उतरवा, पॉवरबँकला लावून शूट करू नका. एअरप्लेन मोड हवाच. ऐन गजरात घरून 'कुठं आहेस बे' असा फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. तापलेला फोन बर्फावर किंवा आइस्क्रीमच्या डब्यावर ठेवणारे महाभाग असतात. त्याने आत दव धरतं आणि लेन्स आतून धुरकटते. सावलीत, पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा. मे महिन्यात शूट करणाऱ्यांसाठी जाता जाता: अ‍ॅपल स्वतःच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा म्हणतं आणि आपल्याकडे पारा ४५ गाठतो. सकाळी साडेआठच्या आत आटपा. कूलर बंद केल्याशिवाय मुलाखत सुरू करू नका, पंपाची घरघर नंतर निघत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. नुसत्या मिरवणुकीवर दहा मिनिटं उभी राहत नाहीत. बडग्या बनताना, बांबूच्या कामट्या बांधताना, पाटीवर काय लिहायचं यावर वाद घालताना टिपा. त्यासाठी पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधीच त्या वस्तीत जाऊन बसायला लागेल, आणि पहिले दोन दिवस फोन खिशातच राहील.

प्रश्न: फुटाळा तलावावर ड्रोन उडवता येईल का? (सेमिनरी हिल्स)

उत्तर: विचार सोडा. लगतच वायुसेनानगर आहे. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी संरक्षण दलाच्या हद्दीजवळ चालत नाही. इतर कुठल्याही जागेसाठी आधी 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा पाहा. लाल पट्टा असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही.

प्रश्न: टायटलमध्ये 'मिरवणूक' लिहिलं की पहिली वेलांटी 'म'च्या पुढे जाऊन पडते आणि 'बडग्या'चं 'ग्या' मोडून पाय मोडका 'ग' दिसतो. सबटायटलमध्ये तर नुसती प्रश्नचिन्हं आली. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

उत्तर: दोन वेगळे रोग आहेत. देवनागरीत टाइप केलेली अक्षरं पडद्यावर दाखवताना जागा बदलतात आणि जोडली जातात. हे काम सॉफ्टवेअरमधल्या मजकुराच्या इंजिनाचं. ते इंजिन फक्त रोमन लिपीसाठी लावलेलं असेल तर अक्षरं टाइप केल्या क्रमाने ओळीत उभी राहतात. 'प्रीमियर' या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या 'ग्राफिक्स'मध्ये 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडा आणि टायटल नव्याने टाका. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोयच नाही, तिथे भांडू नका. 'इंकस्केप' या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये १९२० बाय १०८०चं पारदर्शक पान घ्या, टायटल लिहा, पीएनजी काढा आणि चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवा.

फॉन्ट युनिकोडच हवा. छापखान्यातून आणलेल्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर अगम्य चिन्हं दिसतील. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत आहेत आणि माहितीपटात वापरायला परवाना लागत नाही. निवडताना मराठीचा 'ल' आणि 'श' तपासा, काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. आणि 'नाचणाऱ्या' हा शब्द टाइप करून पाहा. तो 'नाचणार्या' असा दिसत असेल तर तुम्ही साधा 'र' वापरला आहे. नुक्ता असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'या' असं टाइप केलं की अर्धा र बरोबर येतो.

प्रश्नचिन्हं येतात ती फाइल 'अन्सी' पद्धतीने सेव्ह झाल्यामुळे. नोटपॅडमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' निवडा. सबटायटलच्या एसआरटी फाइलमध्ये वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत. मराठी आकडे लिहिले तर प्लेअर ती ओळ वेळ म्हणून ओळखत नाही. सेकंदानंतर स्वल्पविराम, मग तीन आकडी मिलिसेकंद, टिंब नको. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, एका सबटायटलला सात सेकंदांहून जास्त नाही.

एक आगाऊ सल्ला. बोलणारा 'करून राहिलो' म्हणाला तर मराठी सबटायटलमध्ये 'करत आहे' लिहू नका. प्रेक्षकाचा कान एक ऐकतो आणि डोळा दुसरंच वाचतो, आणि त्या माणसाची अर्धी गंमत तिथेच जाते.

प्रश्न: जुन्या मराठी चित्रपटांवर व्हिडिओ निबंध केला. चित्रपट १९६० सालच्या आधीचा, म्हणजे ६० वर्षं उलटून गेली. तरी २० सेकंदांच्या गाण्यावर यूट्यूबने दावा लावला. आता चॅनल बंद होईल का? (एम.ए., धंतोली)

उत्तर: चॅनलला काही होत नाही. 'कॉन्टेंट आयडी'चा (यूट्यूबच्या आपोआप तपासणीचा) दावा आणि 'स्ट्राइक' या निरनिराळ्या गोष्टी आहेत. दाव्यात बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने रीतसर काढून टाकायला लावणं. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल धोक्यात.

६० वर्षांचं गणित तुम्ही अर्धंच मांडलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. पण गाण्याचे शब्द आणि चाल या स्वतंत्र कृती आहेत, त्यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. उदाहरणार्थ, गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क. संगीतकार सुधीर फडके २००२मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवर २०६२पर्यंत. चित्रपट मोकळा झाला तरी गाणं बांधलेलंच राहतं. शिवाय जुन्या गाण्याचं नव्याने केलेलं ध्वनिमुद्रण तुम्ही घेतलं असेल, तर त्याची ६० वर्षं वेगळी मोजायची.

'पाच सेकंद चालतात', 'तीस सेकंद चालतात' असा नियम कुठेही नाही. कलम ५२मध्ये समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. पण गाणं तुमच्या मुद्द्याचा पुरावा म्हणून आलं पाहिजे, पार्श्वसंगीत म्हणून नव्हे. 'या कडव्यात कॅमेरा कुठे थांबतो ते पाहा' असं म्हणून दाखवलेले २० सेकंद तुम्हाला बचावता येतात. शेवटच्या श्रेयनामावलीखाली वाजवलेले दहा येत नाहीत. मशीनला हा फरक कळत नाही, म्हणून दावा आला की तक्रारीच्या खिडकीत कुठल्या मिनिटाला काय दाखवलं आणि त्यावर काय भाष्य आहे ते मोजक्या ओळींत लिहा. दावेदाराला उत्तराला ३० दिवस मिळतात. तुमची बाजू लंगडी असेल तर भांडत बसू नका, यूट्यूब स्टुडिओतच तेवढं गाणं काढून टाकता येतं. आणि पुढच्या वेळी व्हिडिओ आधी 'प्रायव्हेट' चढवा. तपासणी तिथेच होते, कॉलेजभर लिंक फिरल्यावर नाही.

प्रश्न: प्रबंधाचा विषय 'वऱ्हाडी-नागपुरी मीम आणि रील'. जमवलेल्या लिंकपैकी कितीतरी तीन महिन्यांत मेल्या. पुरावा कसा टिकवावा? (समाजशास्त्र, सीताबर्डी)

उत्तर: लिंक म्हणजे पुरावा नव्हे, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. टिकटॉकवर २९ जून २०२०ला बंदी आली आणि गावखेड्यांतल्या पोरांनी केलेलं काम एका रात्रीत नजरेआड झालं. म्हणून मीम दिसलं की त्याच बैठकीत तीन गोष्टी करा: मूळ चित्र किंवा व्हिडिओ जतन, खात्याचं नाव, तारीख आणि प्रतिक्रिया दिसतील असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, आणि वेबपानांच्या प्रती ठेवणाऱ्या 'वेबॅक मशीन'च्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता. लॉगिन मागणाऱ्या पानांवर वेबॅक बहुधा रिकामं परततं, तिथे स्क्रीन रेकॉर्डिंगच कामाचं. एका एक्सेल तक्त्यात क्रमांक, कधी जतन केलं, कुठून आलं, मूळ तारीख, बोलीतला शब्द जसाच्या तसा आणि त्याचा संदर्भ लिहा. संदर्भाचा रकाना त्याच आठवड्यात भरा. 'भैताड' कुणाला आणि का म्हटलं होतं, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्राच्या नावातली तारीख मीमची नसते, ती तुमच्या फोनवर आल्याची असते. चित्रातली मूळ माहिती व्हॉट्सअ‍ॅप पुसून टाकतं. सर्वांत जुनी प्रत शोधायची तर 'टिनआय' या चित्रावरून शोध घेणाऱ्या साइटवर टाकून 'ओल्डेस्ट' क्रमाने पाहा. कडा किती चौकटी-चौकटी झाल्या आहेत त्यावरूनही चित्र किती हातांतून फिरलं याचा अंदाज येतो, बोहारणीकडच्या साडीसारखा. खाजगी माणसांची नावं आणि चेहरे प्रबंधात झाकाच.

आणि प्रबंधात बडग्याला एक प्रकरण द्या. ताजा राग, चार शब्दांची पाटी, लिहिणाऱ्याचं नाव नाही, चौकात हशा, आणि मिरवणूक संपली की जाळ. इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून या शहरात हे चालू आहे. फरक एवढाच की मीमचा कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवतो, जुन्या बडग्यांच्या पाट्यांचा कुणी ठेवला नाही. वर सक्करदऱ्याच्या गटाला सांगितलेले दहा-दहा सेकंदांचे शॉट तुम्हालाही उपयोगी पडतील. त्यांच्याकडे मागा.

प्रश्न: कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवायला फिल्म पेनड्राइव्हवर टाकत होतो, 'जागा नाही' म्हणून राहिला. ड्राइव्ह ३२ जीबीचा रिकामा आहे. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवली तर चित्र चिखल झालं. (मानेवाडा)

उत्तर: ड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीचा आहे, त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा, आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून. पण दहा मिनिटांची फिल्म ४ जीबीच्या वर जातेच कशी? १०८०पीला एच.२६४मध्ये सेकंदाला ८ मेगाबिट ठेवलं तर मिनिटाला ६० एमबी, म्हणजे सगळी ६०० एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ते पिळून काढतं, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. आणि हॉलमध्ये आदल्या दिवशी जाऊन प्रोजेक्टरची वायर बघा. व्हीजीए असेल तर तिच्यातून आवाज जात नाही, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्पीकरपर्यंत वेगळी वायर लागेल, आणि ती हॉलमध्ये असेलच याची खात्री नसते.